हलगी कुठंय?

लग्नाच्या हॉलच्या दारात मी, बायको आणि पोरगी असे तिघं उभे होतो. माझ्या अंगात नवा पांढरा शर्ट. बायकोनं ठेवणीतली जांभळी साडी नेसलेली. पोरीच्या हातात रंगीत कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ. भास्करसरांच्या मुलीचं लग्न होतं. सर म्हणजे आमच्या चर्चच्या पंचांतले सगळ्यात वजनदार, शाळेचे रिटायर मुख्याध्यापक. चर्चमधला विधी सकाळी जवळच्या लोकांपुरता झाला होता. आम्हाला हॉलवरचं बोलावणं होतं. सर दारातच स्वागताला उभे होते. कोट, टाय, छातीवर गुलाब. मी हात जोडले. "जय ख्रिस्त, सर."

सरांनी माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. हातांकडं बघितलं.

"हलगी कुठंय?"

मला वाटलं, सर थट्टा करतात. मी हसलो. बायको पण हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, नवरा-नवरीची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबलीय, जावयाकडची माणसं पुण्या-मुंबईची आहेत, त्यांना काहीतरी अस्सल गावाकडचं बघायचंय. "तुला म्हटलं होतं ना, लवकर ये म्हणून?"

म्हटलं होतं. मागच्या रविवारी चर्च सुटल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. सगळ्या घरानं यायचं म्हणाले, आणि तू जरा लवकर ये म्हणाले. मी तो सगळा आठवडा छाती फुगवून फिरलो. डाईंग हाऊसमध्ये सुपरवायझरला सांगून सुट्टी घेतली. बायकोला म्हणालो, बघ, घरच्या माणसासारखं लवकर बोलावलंय. काम असंल, खुर्च्या मांडायच्या असतील, पाहुण्यांना आणायचं असंल. करू की. घरचं कार्य आहे.

मी हलगी आणली नाही हे बघून सरांना राग आला नाही. त्यांनी सोय करून ठेवली होती. इथल्या, सुरतेतल्या लिंबायतच्या एका बँडवाल्याकडून एक हलगी आणून कुंड्यांच्या मागं ठेवलेली होती. ती त्यांनी उचलली आणि माझ्या हातात दिली.

मी घेतली.

हे पहिल्यांदा सांगून टाकतो. नंतर पुष्कळांनी विचारलं, तिथल्या तिथं नाही का म्हणाला नाहीस. मला नाही म्हणता आलं नाही. हात आपोआप पुढं झाले. माझ्या बापाचे हात पाटलाच्या दारात पुढं व्हायचे तसेच झाले. मी पट्टा खांद्याला अडकवला, रस्त्यावर आलो. चामडं ढिलं होतं. तिथंच फुटपाथवर चार कागद पेटवून हलगी शेकली. आणि वाजवली.

बोटांना सगळं आठवत होतं. पुण्या-मुंबईची पोरं गाडीपुढं नाचायला लागली. मोबाईल वर झाले. सुटाबुटातला एक माणूस, नवऱ्याचा मामा असावा, त्यानं नोट काढली, नवऱ्याच्या डोक्यावरून ओवाळली आणि माझ्या पायाशी टाकली. ओवाळून. ख्रिस्ती लग्नात. सकाळी ज्या नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून पाळकांनी आशीर्वाद दिला, त्याच डोक्यावरची पीडा काढून माझ्या पायाशी टाकली.

मी वर बघितलं. माझी पोरगी फाटकापाशी उभी होती. घड्याळ छातीशी धरून. ती बारावीत आहे. आपल्या बापाला हलगी वाजवता येते हे तिला माहीतच नव्हतं.

आता मागचं सांगतो.

आम्ही परभणीकडचे. जातीनं मांग. गावात माझा बाप हलगी वाजवायचा. लग्नात, मयतीत, पोळ्याला, मरीआईच्या गाड्यापुढं. वाजवून झालं की थांबायचा. सगळं गाव जेवून उठेपर्यंत थांबायचा. घरून नेलेल्या डेगचीत मग वरून वाढायचे. मी त्याच्यासंगं जायचो. त्या दिवसांतलं मला ऊन आठवत नाही, भूक आठवत नाही. थांबणं आठवतं.

एकोणिसाव्या वर्षी चुलत्यासंगं सुरतेला आलो. पलसाण्याच्या एका डाईंग हाऊसमध्ये लागलो. आधी ओल्या कापडाच्या गाड्या ढकलल्या, मग कापड रंगवायच्या जेट मशीनवर आलो. वाफेत उभं राहायचं, रंगाचं पाणी बघायचं. भेस्तानला खोली घेतली, लग्न झालं, पोरगी झाली. बापाचा खांदा गेला तेव्हा त्यानं आपली हलगी मला दिली. म्हणाला, तिकडं आपली मानसं असतील, त्यांच्यात वाजव. मी वाजवायचो. इथल्या आमच्या जातीच्या घरांत कुणाचं लगीन असलं, बारसं असलं, की मी हलगी काढायचो. कुणी थांब म्हणायचं नाही. वाजवून झालं की त्यांच्यातच बसून जेवायचो. ते वाजवणं वेगळं होतं.

सुरतेत जात विचारत नाहीत असं म्हणतात. खरंय. विचारत नाहीत. गाव विचारतात, आडनाव विचारतात, मग गप्प होतात. आमच्या ओळीत आमच्याच जिल्ह्याची, पण वरच्या जातींची आठ-दहा घरं होती. बायका माझ्या बायकोशी बोलायच्या, हसायच्या, तिच्याकडून मिरच्या सुद्धा निसून घ्यायच्या. आमच्या घरचं पाणी कुणी प्यालं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त तहान लागायची नाही कुणाला आमच्या घरात.

एका दुपारी एक म्हातारी दारात आली. पांढरी साडी, काखेत पिशवी, घामानं थबथबलेली. शांताआत्या. चर्चतर्फे वस्त्यांतून फिरून बायकांना वाचून दाखवायची, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची. आम्हाला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ती उंबऱ्यातून आत आली, फरशीवर बसली आणि म्हणाली, पोरी, पाणी दे. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मग सांगितलं, बाई, आम्ही मांगाचे आहोत. शांताआत्या म्हणाली, "मग काय तुमच्या नळाला दुसरं पाणी येतं?" आणि तांब्याला तोंड लावून प्यायली. वरून नाही. तोंड लावून.

मी ख्रिस्ती झालो तो त्या दुपारी. बाप्तिस्मा पुढं पुष्कळ उशिरा झाला. पण झालो तो तेव्हाच. मला कुठलं दर्शन झालं नाही, माझं कुठलं दुखणं बरं झालं नाही. मी विचारलं, तुम्ही असं कसं पाणी प्यालात? तिनं येशूची गोष्ट सांगितली. तो कुणाकुणाच्या घरी जेवला ते सांगितलं. त्यासाठी त्याला कुणी कुणी नावं ठेवली ते सांगितलं. मी म्हणालो, हा माणूस माझ्या ओळखीचा पाहिजे होता.

मग आम्ही चर्चला जायला लागलो. बाप्तिस्म्याच्या आधी शिकवणीचा वर्ग असायचा, तो भास्करसर घ्यायचे. सर चांगलं शिकवायचे. खोटं का बोलू? खडूनं फळ्यावर लिहायचे, जुना माणूस, नवा माणूस. जुना काढून टाकायचा, नवा अंगात घालायचा. एकदा त्यांनी मला विचारलं, घरी काही जुनं आहे का? देव, ताईत, असलं काही? मी सांगितलं, देव शांताआत्याला दाखवून नदीत सोडले. फक्त बापाची हलगी आहे.

सर म्हणाले, ती मरीआईपुढं वाजलेली. ती घरात ठेवून नवा माणूस होता येत नाही.

मी जाळली. पोरगी तेव्हा रांगत होती. आमच्या ओळीच्या मागं मोकळी जागा आहे तिथं. चामडं लवकर जळत नाही. आक्रसतं, वास सुटतो. लोक बाहेर येऊन बघत होते. मला वाईट वाटत नव्हतं. मला वाटत होतं, गावचं ते थांबणं जळतंय. पाटलाचं दार जळतंय. पुढल्या उन्हाळ्यात बाप आला. खुंटीकडं बघत राहिला. मी सांगितलं. तो म्हणाला, "वाजवू नको म्हनला असतास तर मी काय वाजव म्हनलो नसतो. जाळलीस कामून?" तो पुन्हा सुरतेला आला नाही.

इथं गुजरातेत धर्म बदलायचा तर सरळ बदलता येत नाही. कलेक्टर कचेरीत अर्ज जातो, पोलीस चौकशीला येतात. पुष्कळ लोक म्हणाले, अर्ज कशाला, गुपचूप पाण्यात बुडून घे. मी म्हणालो, गुपचूप करायला ही चोरी नाही. पोलीस आला. खोलीभर नजर फिरवली. फ्रिज कुठला, पंखा कुठला, सगळं विचारलं. मग म्हणाला, "कोणे लालच आपी?" कुणी लालूच दिली. मी म्हणालो, कुणी नाही. तो म्हणाला, मग काय मिळालं? शेजारीपाजारी दारात उभे राहून ऐकत होते. मी त्या सगळ्यांच्या देखत सांगितलं, माझ्या घरचं पाणी कुणीतरी प्यालं. पोलिसाला ते कळलं नाही. शेजाऱ्यांना कळलं.

खोली बदलावी लागली. गावाकडं भावानं बोलणं तोडलं. ख्रिस्ती झालो म्हणून जातीच्या सवलतीचा दाखला गेला. पोरीच्या पुढच्या शिक्षणात त्याचं काय होणार हे मला कळत होतं. चर्चमधल्या जुन्या घरांना यातलं काहीच करावं लागलं नव्हतं. ते जन्मले तेच ख्रिस्ती. त्यांना ख्रिस्ती व्हावं लागलं नाही. आम्हाला व्हावं लागलं. पण मला त्याचं काही वाटायचं नाही. मी म्हणायचो, ते आधी आले, आपण मागून आलो. घर एकच.

चर्चमध्ये साक्ष देण्याची रीत आहे. नवीन माणसानं उभं राहून सांगायचं, मी पूर्वी कसा होतो, प्रभूनं मला कसं बदललं. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा पाण्याची गोष्ट सांगितली. नंतर सर म्हणाले, छान, पण साक्षीत जरा अंधार पाहिजे. अंधार असेल तर उजेड दिसतो. दारू वगैरे पीत होतास का? मी म्हणालो, नाही, कधीच नाही. सर म्हणाले, तुझ्या वस्तीत पितात ना? मग तसं सांगितलंस तरी चालेल, देवाच्या गौरवासाठी आहे.

मी सांगितलं. बाहेरगावचे पाहुणे आले की मला उभं करायचे. मी मांगाचा, दारुडा, बायकोला मारणारा, मेलेलं खाणारा, प्रभूनं मला चिखलातून उचललं. पाहुणे डोळे पुसायचे, फोटो काढायचे. बायको खाली मान घालून बसायची. पोरगी आठवीत असताना तिनं एकदा घरी विचारलं, पप्पा, तुम्ही आईला मारत होता? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग तिथं कोणाबद्दल सांगता?

तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलं नाही, कारण दुसरीकडून असंही काही व्हायचं की मन भरून यायचं. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी बारा माणसांना खुर्च्यांवर बसवतात, त्यांचे पाय धुतात. एका वर्षी मला बसवलं. माझे पाय सरांनी धुतले. गुडघ्यांवर बसून, परातीत. रंगानं निळी झालेली माझी नखं त्यांनी टॉवेलनं पुसली. मी लहान पोरासारखा रडलो. त्या दिवशी सरांनी माझा जीव मागितला असता तरी दिला असता.

त्या सरांच्या दारात मी हलगी वाजवत होतो.

गाडी हॉलला लागली. नवरा-नवरी आत गेले. माझा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. मी हलगी काढून काखेत धरली आणि बायको-पोरीला घेऊन आत निघालो. टेबलं मांडलेली, पांढऱ्या चादरी, फुलं. सरांच्या बाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, पुढं आल्या. बाई नेहमीच प्रेमळ बोलतात. त्या दिवशीही तशाच बोलल्या. "तुमची तिघांची ताटं मागं लावलीत हं, बँडवाल्यांबरोबर. तिथं तुम्हाला मोकळं बसता येईल."

मोकळं. माझ्या बायकोचं तोंड उतरलं. ती त्या बाईंच्या आजारपणात महिनाभर त्यांच्या घरी जाऊन धुणीभांडी करून आली होती. पैसे घेतले नव्हते. बहीण म्हणून गेली होती.

पुढच्याच टेबलावर पाळकसाहेब बसले होते. त्यांनीच मला बाप्तिस्मा दिला. पाण्यात धरून, माझं नाव घेऊन. त्यांच्या शेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी त्यांच्यापाशी गेलो. मी भांडायला गेलो नव्हतो. मला वाटलं, ते बस म्हणतील. एवढंच पाहिजे होतं. बस.

मी विचारलं, "साहेब, मी कुठं बसू?"

पाळकांनी माझ्याकडं बघितलं. मग सरांच्या बाईंकडं बघितलं. मग आपल्या ताटाकडं बघितलं. म्हणाले, "आज राहू दे. त्यांच्या घरचं कार्य आहे. आपण रविवारी बोलू."

ताटाकडं बघूनच म्हणाले.

माझ्या आत काहीतरी शांत झालं. राग आला असं नाही. राग नंतर आला. तेव्हा फक्त सगळं स्वच्छ दिसलं. हॉल दिसला, टेबलं दिसली, मागचं दार दिसलं. आणि मागच्या दाराशी डेगची घेऊन थांबलेला माझा बाप दिसला. मी हलगी पाळकांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. म्हणालो, हिला इथं बसू द्या, ही तुमच्या आवडीची आहे. पोरीनं घड्याळ टेबलावर ठेवलं. आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो.

घरी येऊन बायकोनं पिठलं केलं. आम्ही तिघं एका ताटात जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी शांताआत्याकडं गेलो. ती आता उठत नाही. उधन्याला भाचीकडं असते, खाटेवर पडून. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. म्हणेल, मी बघते त्यांच्याकडं. ती छताकडं बघत पडून राहिली. मग म्हणाली, भास्करच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढलीत. माझ्याही आज्यानं ओढलीत. दुष्काळात मिशनच्या साहेबांकडं गेले, शिकले, मास्तर झाले. आता ते विसरलेत. म्हणून तर तुमच्यासारखी माणसं दिसली की त्यांना त्रास होतो.

मी विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं?

"माहीत होतं," ती म्हणाली. "मला चाळीस वर्षं वस्त्यांत पाठवलं. पंचांत एकदाही बसवलं नाही. इथंही वेस आहे, पोरा. मी तुला सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"तू आला नसतास."

सरांनी हलगी हातात दिली तेव्हा जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. आत्याच्या एका घोटावर मी सगळं सोडलं होतं. भाऊ सोडला, गाव सोडलं, बापाची हलगी जाळली. आणि तिला माहीत होतं. तिनं माझा हात धरायला हात पुढं केला. म्हणाली, मला वाटलं, तुम्ही पुष्कळ जण आलात की वेस मोडेल. मी तिचा हात धरला. पण मनातून धरला नाही. ते तिलाही कळलं. तिनं डोळे मिटले.

येताना भेस्तानच्या रेल्वे फाटकाशी मी बराच वेळ उभा राहिलो. गाड्या जात होत्या. मी स्वतःला विचारलं, मग त्या दुपारचं पाणी खोटं होतं का? ती प्यायली हे खोटं होतं का? नाही. ती खरंच प्यायली होती. येशू त्या लोकांत बसून जेवला हेही खोटं नव्हतं. खोटं काय होतं? खोटं हे होतं की मी समजत होतो, मला ख्रिस्ती करणारी ही माणसं आहेत. सर, पाळक, आत्या. त्यांनी दिलं म्हणून माझं झालं. म्हणून त्यांनी काढून घेतलं की माझं जाणार.

रविवारी चर्चला गेलो. पाळक रविवारी बोलू म्हणाले होते. ते बोलले नाहीत. साक्षीची वेळ आली. मी हात वर न करता उभा राहिलो. लोकांनी नेहमीची साक्ष समजून बायबल मांडीवर ठेवलं.

मी म्हणालो, "मी कधी दारू प्यालो नाही. बायकोला कधी मारलं नाही. ते मला सांगायला शिकवलं होतं. आज खरी साक्ष देतो."

आणि लग्नात काय झालं ते सांगितलं. मोठ्यानं नाही. शिवी नाही. हलगी कुठंय म्हणाले, ते सांगितलं. ओवाळलेली नोट सांगितली. मोकळं बसता येईल म्हणाले, ते सांगितलं. पाळक ताटाकडं बघत काय म्हणाले, ते शब्दन्‌शब्द सांगितलं. शेवटी म्हणालो, आपण सगळे एकाच वस्तीतून आलोत. कोणी आधी, कोणी मागून. तेवढ्यात कीबोर्ड वाजायला लागला. पाळकांनी खूण केली होती. सगळे गाणं म्हणायला उभे राहिले. देवाच्या प्रीतीचं गाणं. माझा आवाज बुडवून गायले. मी बोलत राहिलो, ते गात राहिले. माझी पोरगी गाणाऱ्यांच्या गटात पुढं उभी असते. ती तोंड मिटून उभी राहिली. मग तिथून निघून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी सर घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बायकोनं चहा केला. सर चहा प्यायले. पूर्ण कप प्यायले. जात चहात नव्हती, जात पंगतीत होती.

सर म्हणाले, अपमान करायचा हेतू नव्हता. ती कला आहे, कलेची लाज कसली? मी म्हणालो, कला होती तर मला जाळायला का लावलीत? सरांनी ते ऐकलं नाही असं केलं. पोरीकडं वळले. तुला नर्सिंगला जायचंय ना, म्हणाले. नर्सिंग शाळेच्या कमिटीवर त्यांच्या ओळखीचे लोक आहेत, ते बघून घेतील. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "तू फक्त ते बोलणं थांबव. बाहेर गेलं तर आपल्याच लोकांची बदनामी होईल. दिवस कसे आहेत, तुला माहीत आहे."

मला तो पोलीस आठवला. कोणे लालच आपी? ख्रिस्ती होताना मला कुणी काही देऊ केलं नव्हतं. एक रुपया नाही, एक वचन नाही. लालूच माझ्या घरात पहिल्यांदा आली ती त्या संध्याकाळी, कोट घालून, आणि ती गप्प बसण्यासाठी आली.

मी काही बोलायच्या आत पोरगी म्हणाली, "सर, मी परीक्षा देईन. लागला तर लागेल नंबर." बायकोनं सरांच्या पुढचा रिकामा कप उचलला. सर उठले.

ही गोष्ट गावापर्यंत गेली. कशी गेली माहीत नाही. भावाचा फोन आला, इतक्या वर्षांनी. आवाजात आनंद होता. म्हणाला, दाखवलं ना त्यांनी? आता ये परत, इथली मानसं यायला तयार हायत, शुद्धीचा कार्यक्रम करून घेऊ, दाखला बी परत मिळंल. मी विचारलं, परत म्हणजे कुठं? तो म्हणाला, आपल्यात. मी विचारलं, गावात लगीन असलं तर तू अजून सगळे जेवून उठेपर्यंत थांबतोस का? तो दाखल्याचंच पुन्हा सांगायला लागला. मी म्हणालो, मग मला कुठं बोलवायलास?

म्हणजे दोन्ही दारं सारखीच. एका दारानं मी बाहेर आलो, दुसऱ्या दारात मला उभं केलं. मला पुष्कळ जण सांगतात, सोड ते चर्च, दुसरं बघ, सुरतेत काय कमी आहेत. काही म्हणतात, घरीच प्रार्थना कर. हे सांगणारे चांगले लोक आहेत. पण मी गेलो तर काय होईल? सर म्हणतील, बघा, टिकला नाही. पाळक माझ्यासाठी प्रार्थना करतील. माझी जागा रिकामी होईल आणि त्यांना बरं वाटेल.

मी जाणार नाही.

परवाच्या रविवारी आम्ही तिघं लवकर गेलो. पहिल्या बाकावर बसलो. तो बाक सरांच्या घराचा. कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. सर आले, बाई आल्या. मधल्या वाटेत थांबले. मागून एक जण वाकून माझ्या कानात म्हणाला, ही सरांची जागा आहे. मी म्हणालो, शेजारी जागा आहे, त्यांना बसायला सांगा. सर उभे राहिले. चर्च सगळं बघत होतं. पाळक समोर उपदेशाच्या पुलपिटावरून बघत होते. मग सर आणि बाई मागं जाऊन बसले.

येत्या रविवारीही मी तिथंच बसणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही. प्रभुभोजनाचा एकच प्याला सगळ्यांत फिरतो; तो येईल तेव्हा सगळ्यांच्या आधी माझ्या ओठाला लागेल, आणि मग तोच पुढं जाईल. ज्याला माझ्यामागून प्यायचा नसेल त्यानं पिऊ नये. ख्रिस्ती होणं काय असतं हे मला फळ्यावर शिकवलं होतं. आता मी शिकवणार. बोलू दिलं तर बोलून, नाही दिलं तर बसून. येशूला मी या लोकांच्या ताब्यात देणार नाही, आणि त्याला घेऊन बाहेरही जाणार नाही. त्यांना माझ्याबरोबर बसावं लागेल, नाही तर उभं राहावं लागेल.

मी उठणार नाही.